ओव्यांचे शब्द कसे बदलू? : आमच्या विद्यापीठाला खुले पत्र

प्रति,
मा. कुलगुरू महोदय आणि विद्या परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य,

सा. न. वि. वि.

गेल्या सोमवारी पीएच.डी. विभागाच्या खिडकीतून एक पत्र माझ्या हातात पडले. ‘शोधनिबंध ज्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला ते सद्यस्थितीत केअर यादीत समाविष्ट असल्याचा पुरावा सात दिवसांत सादर करावा, अन्यथा प्रबंधाची पुढील कार्यवाही थांबवण्यात येईल.’ खाली सही, शिक्का, जावक क्रमांक. सगळे जागच्या जागी. फक्त ती यादीच जागेवर नाही. केअर म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची दर्जेदार नियतकालिकांची यादी. आयोगाने ती बंद केल्याचे फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केले, त्याला आठ महिने होऊन गेले. बंद पडलेल्या दुकानाची आजच्या तारखेची पावती मी सात दिवसांत कुठून आणू?

आजवर मी अर्ज केले, स्मरणपत्रे दिली, एकदा माहितीचा अधिकार वापरून पाहिला. आता हे खुले पत्र. विद्यापीठाचे नाव मुद्दाम घातलेले नाही. ‘घाबरून नव्हे’ असे लिहिणार होते, पण खोटे कशाला? थोडी भीती आहेच, माझा व्हायवा, म्हणजे प्रबंधावरची तोंडी परीक्षा, अजून व्हायचा आहे. शिवाय आणखी चार विद्यापीठांच्या कुलगुरूंना हे पत्र आपल्यालाच आहे असे वाटले, तर तेही बरेच.

आधी माझ्याविषयी. मी एका तालुक्याच्या गावी वरिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते, तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला तर पैसे, आणि मे महिन्यात काहीच नाही. सेट, म्हणजे राज्याची प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा, झालेली आहे. पीएच.डी.ची नोंदणी जून २०१८ ची. विषय, घाटमाथ्यावरच्या एकवीस गावांतल्या जात्यावरच्या ओव्या. त्या गावांत आता जात्यावर कुणी दळत नाही. गिरणी आली, वीज आली, जाती उचलून अंगणात गेली. एका घरी जात्याच्या वरच्या पाळीवर तुळशीची कुंडी होती. ओव्या सांगा म्हटले की आज्या गप्प व्हायच्या. आठवत नाही म्हणून नव्हे. एका आजींनी मला नीट समजावून सांगितले, ‘बाई, ओवी अशी बसून येत न्हाई. हात फिरला पायजे.’ मग आम्ही दोघींनी मिळून त्यांचे जाते पडवीत आणले, त्यांनी खुंटा धरला, नुसतेच रिकामे जाते फिरवले, आणि सव्वा तास ओव्या येत राहिल्या. दुसऱ्या घरी जाते उरलेच नव्हते. तिथल्या मावशींनी परात पालथी घातली आणि तिच्यावरून तळहात गोल गोल फिरवत गायल्या. माझ्या मोबाइलमधल्या त्या ध्वनिफितीत ओवीच्या मागे बांगड्या परातीवर घासल्याचा आवाज आहे.

अशा ६१२ ओव्या मी गोळा केल्या. कुणी सांगितली, वय काय, माहेर कोणते, ओवी कुणाकडून ऐकली, हे प्रत्येक ओवीखाली लिहिले. प्रबंध ऑगस्ट २०२४ मध्ये जमा केला. आज चौदा महिने झाले.

इथेच एक गोष्ट स्पष्ट करते, नाही तर पुढचे वाचून कुणी म्हणेल की बाईंना पदवी फुकट हवी आहे. मला पदवी सोपी करून नको आहे. मी पेट, म्हणजे पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा, दिली. आरआरसीपुढे, म्हणजे विषय मंजूर करणाऱ्या समितीपुढे, विषय मांडला, तेव्हा एका सदस्यांनी ‘ओव्यांत आता संशोधन करण्यासारखे काय उरले आहे?’ असे विचारले होते. प्रश्न टोचला, पण त्यानेच माझ्या प्रबंधाचे दुसरे प्रकरण उभे राहिले. त्या सदस्यांचे मी ऋणनिर्देशात आभार मानले आहेत. कोर्सवर्क केले. सहा वर्षांचे बारा सहामाही प्रगती अहवाल दिले, त्यातले दोन टाळेबंदीत, ईमेलने. दोन चर्चासत्रांत निबंध वाचले, एक शोधनिबंध छापून आला. पूर्वसादरीकरणात सगळ्या विभागासमोर उभी राहिले. खुला व्हायवा ही प्रथा तर मला मनापासून आवडते. कुणीही यावे, बसावे, प्रश्न विचारावा. वाङ्मयचौर्याविरुद्धचे नियमही हवेतच. दुसऱ्याचे अख्खे प्रकरण उचलून डॉक्टर झालेल्यांच्या कहाण्या आपण सगळ्यांनी ऐकल्या आहेत.

अटी मला मान्य आहेत. माझी तक्रार एवढीच, की त्या लिहिल्या आहेत तशा आपल्याकडे कुणी वाचत नाही, आणि त्यातल्या ज्या विद्यापीठाला लागू होतात त्यांची तर कुणाला आठवणही नाही.

पहिली गोष्ट, शोधनिबंधाची. माझी नोंदणी २०१८ ची, म्हणजे मला आयोगाचे २०१६ चे विनियम लागू. त्यांत प्रबंध सादर करण्यापूर्वी तज्ज्ञांकडून निबंध तपासून घेणाऱ्या नियतकालिकात एक शोधनिबंध आणि परिषदांत दोन सादरीकरणे, एवढी अट आहे. पुढे ७ नोव्हेंबर २०२२ ला अधिसूचित झालेल्या नव्या विनियमांनी शोधनिबंध छापण्याची सक्तीच काढून टाकली. म्हणजे माझ्यामागून आलेल्यांना आयोग तो एकही निबंध मागत नाही. मी जुन्या नियमातली, मी तो दिला. माझा निबंध एका जुन्या मराठी त्रैमासिकात आला. संपादकांनी तो दोनदा परत पाठवला, तिसऱ्या वेळी घेतला. ज्या अंकात तो आला त्या वेळी ते त्रैमासिक केअर यादीत होते. यादीच्या त्या पानाची प्रिंट मी काढून ठेवली, कारण माझ्या गाईडांनी सांगितले होते, ‘कागद ठेव, उद्या विचारतील.’ नंतरच्या एका फेरीत ते यादीतून गळले. आणि नंतर यादीच गळली.

याद्यांचा हा खेळ नवा नाही. २०१७ मध्ये आयोगाने मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी काढली. मे २०१८ मध्ये तिच्यातली ४,३०५ नियतकालिके एका फटक्यात काढून टाकली. मग केअर आले, २०१९ पासून तीच यादी ग्राह्य ठरली, आता तीही नाही. यादी बंद झाल्याचे मला मुळीच दुःख नाही. नियतकालिकाचा दर्जा ठरवायची जबाबदारी आता विद्यापीठांवर आली आहे, आणि ती तिथेच असायला हवी होती. पण त्यासाठी कुणीतरी तो निबंध उघडून वाचावा लागतो. यादी असली की वाचावे लागत नाही, खूण करता येते.

आणि खूण विकत मिळते. माझ्या फोनमध्ये आजही असे निरोप येतात : ‘आदरणीय सर/मॅडम, केअर लिस्टेड, आयएसएसएन, ४८ तासांत स्वीकृती, सर्व विषय एकाच अंकात.’ खाली क्यूआर कोड. माझ्या ओळखीच्या एकीने कंटाळून पंधराशे रुपये भरले. तिचा ग्रामीण कवितेवरचा निबंध कोळंबीपालन आणि जीएसटी यांच्या मधोमध छापून आला. तिला विद्यापीठाने एक प्रश्न विचारला नाही. माझ्या दोनदा परत आलेल्या निबंधाला मात्र पुरावा मागितला जातो आहे. मला सांगा, पुढच्या विद्यार्थ्याने यातून काय शिकावे?

दुसरी गोष्ट सारखेपणाच्या टक्केवारीची. हिच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण हिनेच मला सगळ्यात जास्त लाज आणली.

फेब्रुवारी २०२४ मध्ये माझा प्रबंध वाङ्मयचौर्य तपासणीच्या सॉफ्टवेअरमधून काढला. सारखेपणा ३४ टक्के. अहवाल उघडला तर पहिली चार प्रकरणे जवळजवळ कोरी, आणि परिशिष्ट लालभडक. ओव्याच ओव्या. कारण उघड आहे. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्राच्या गावागावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळामुळे त्या आज कुणालाही वाचता-ऐकता येतात. माझ्या एकवीस गावांतल्या आज्या तिथल्याच ओव्या गातात, एखादा शब्द इकडचा तिकडे करून. पहिली ओवी देवाला, दुसरी आईबापाला, हा क्रम तर सगळ्या महाराष्ट्राचा. ओवी फिरते, माहेराहून सासरी जाते, तिथे तिच्यातल्या नदीचे नाव बदलते. हे फिरणे हाच माझ्या प्रबंधाचा विषय आहे! दोन गावांतली ओवी सारखी निघाली, तर माझ्या हिशेबी तो निष्कर्ष. सॉफ्टवेअरच्या हिशेबी ती चोरी.

आता नियम काय म्हणतो ते पाहा. आयोगाच्या वाङ्मयचौर्याविषयीच्या २०१८ च्या विनियमांत दहा टक्क्यांपर्यंत काही नाही. दहा ते चाळीसमध्ये प्रबंध सुधारून सहा महिन्यांच्या आत पुन्हा द्यायचा. चाळीस ते साठमध्ये एक वर्ष बंदी. साठच्या पुढे नोंदणी रद्द. हे सगळ्यांना पाठ आहे. खिडकीवर कागद चिकटवलेला आहे. पण त्याच विनियमांत, या आकड्यांच्याही आधी, लिहिले आहे की श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश हे तपासणीतून वगळायचे. सलग चौदा शब्दांपर्यंतचा योगायोगाने जुळणारा मजकूर धरायचा नाही, असेही आहे. दोन ओळींची ओवी मोजून पाहा, बहुतेक बारा-चौदा शब्दांत संपते. माझ्या प्रत्येक ओवीखाली सांगणाऱ्या बाईचे नाव होते. याहून वेगळे श्रेय कसे देतात?

मी चौकशी केली. उद्धृत मजकूर वगळायची सोय सॉफ्टवेअरमध्ये होती आणि चालूही होती. पण ती अवतरणचिन्हे शोधते. ओव्या मी कवितेसारख्या ओळी पाडून छापल्या होत्या, अवतरणात नव्हे. म्हणून त्या ‘उद्धृत’ ठरल्या नाहीत. सलग किती शब्द जुळले तर धरायचे, हा आकडा किती ठेवला आहे, असे विचारले तर उत्तर आले, ‘डिफॉल्टच आहे.’ म्हणजे किती? ते माहीत नव्हते.

मी म्हटले, माणसाने एकदा अहवाल बघावा. तसा नियमही आहे. आक्षेप आला तर विभागीय पातळीवर समितीने पाहायचे असते. मला सांगण्यात आले, समिती बसायला वेळ लागेल, तुम्ही आकडा खाली आणा. कसा आणू? तेव्हा जे उत्तर मिळाले ते मी जन्मभर विसरणार नाही.

‘ओव्यांचे शब्द जरा बदला ना, मॅडम.’

सांगणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. तो बिचारा मला मदतच करत होता. रोज दहा जणांना हेच सांगत असेल. पण मी कुठले शब्द बदलायचे होते? पंच्याऐंशी वर्षांच्या बाईने रिकामे जाते फिरवून आठवलेले? तिच्या ओवीत ‘मावळण’ आहे, तिथे ‘आत्या’ घालू? संशोधनात ज्याला बनावट पुरावा म्हणतात, तो करायचा सल्ला मला नीतिमत्तेच्या तपासणीनेच दिला होता.

मी शब्द बदलले नाहीत. पण जे केले तेही सांगते, कारण लपवून उपयोग नाही. गाईडांना विचारून, आणि तपासणीच्या टेबलावरच सुचवल्याप्रमाणे, मी परिशिष्टाच्या सगळ्या पानांची चित्रे केली आणि मजकुराच्या जागी ती चित्रे घातली. चित्रातली अक्षरे ते सॉफ्टवेअर वाचत नाही. सारखेपणा सहा टक्क्यांवर आला. प्रमाणपत्र मिळाले, शिक्का मिळाला, कुणीतरी अभिनंदनही केले.

उद्या हा प्रबंध शोधगंगेवर चढेल. ते संकेतस्थळ आहेच यासाठी, की देशातले प्रबंध कुणालाही शोधता यावेत. त्यात माझ्या ६१२ ओव्या असतील, आणि त्यातला एक शब्दही कुणाला शोधून सापडणार नाही. ‘मावळण’ टाकून बघा, शून्य. लोकसाहित्याच्या संग्रहाचा याहून वाईट शेवट मला सुचत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला, तेव्हा आपल्या प्रशासकीय इमारतीवर फलक लागला होता. त्या फलकाखालून मी माझ्या चित्रातल्या ओव्यांची चौकशी करायला आत गेले होते.

यात चार महिने गेले. माझी सहा वर्षांची मुदत जून २०२४ मध्ये संपली. महिलांना नियमाने दोन वर्षांची सवलत आहे, त्यातले दोन महिने वापरावे लागले. त्यासाठी मुदतवाढीचे शुल्क घेतले गेले आणि शंभराच्या स्टँपपेपरवर प्रतिज्ञापत्र. मजकूर छापील होता, बदलता येत नव्हता : उशीर माझ्या वैयक्तिक कारणामुळे झाला. मी सही केली. तोपर्यंत इतक्या सह्या केल्या होत्या, की त्या दिवशी काही वाटलेही नाही. एसटीत बसल्यावर वाटले.

तिसरी गोष्ट मुदतीची. ‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ ही म्हण आपल्या आजोबांपासून चालत आली आहे. योगायोग असा, की आयोगाच्या २०१६ आणि २०२२ च्या दोन्ही विनियमांत प्रबंध जमा झाल्यापासून मूल्यमापनाची सगळी प्रक्रिया सहा महिन्यांत पूर्ण होईल अशी व्यवस्था विद्यापीठाने करायची आहे. मी म्हणीप्रमाणे थांबले, नियमाप्रमाणेही थांबले. फेब्रुवारी २०२५ ला सहा महिने झाले. मार्चमध्ये विचारले, ‘परीक्षकांकडे गेला आहे.’ जूनमध्ये विचारले, तेच. जुलैत माहितीच्या अधिकारात अर्ज केला. एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आले : ‘मूल्यमापन प्रक्रिया सुरू आहे.’ एवढेच वाक्य. पण सोबत टिपणीच्या पानांच्या प्रती होत्या, आणि त्यांतून जे कळले ते असे. पहिल्या परीक्षकांना पत्र गेले प्रबंध जमा झाल्यावर अडीच महिन्यांनी. त्यांनी प्रकृतीचे कारण देऊन नकार कळवला. तो नकार चार महिने फाईलमध्ये होता. दुसरे नाव निवडायला फाईल वर गेली, वरून खाली आली, कारण पॅनेलवरच्या एका नावापुढे पत्ता अपुरा होता. तो पत्ता मला किंवा माझ्या गाईडांना विचारला असता, तर एका फोनचे काम होते. कुणी विचारले नाही. विचारायची पद्धत नाही म्हणे.

मराठीचे बाहेरचे परीक्षक मिळत नाहीत, हेही एक कारण खिडकीवर ऐकू येते. महाराष्ट्राबाहेर गोवा विद्यापीठात मराठी विभाग आहे, बडोद्याला आहे, हैदराबादला उस्मानियात आहे, बनारसलाही आहे. माणसे आहेत. एका ज्येष्ठ प्राध्यापकांना मी सहज विचारले, इतक्या विद्यापीठांचे प्रबंध आपण तपासता, त्रास होत नाही? ते हसले. एका प्रबंधाचे मानधन त्यांना दोन वर्षांनी मिळाले होते, तेही तीन वेळा बँकेचा तपशील पाठवल्यावर. तरीही ते तपासतात. अशा माणसाला अडीच महिन्यांनी पत्र पाठवायचे आणि मग माणसे मिळत नाहीत म्हणायचे, हे बरोबर नाही.

बी.ए.चा निकाल किती दिवसांत लावायचा, हे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ मध्ये लिहिलेले आहे : तीस दिवस, फार तर पंचेचाळीस. निकाल लांबला की विद्यार्थी संघटना येतात, पेपरात बातमी येते. पीएच.डी.चा विद्यार्थी एकटा असतो. त्याची फाईल एकटी असते.

खिडकीपलीकडच्या कर्मचाऱ्यांवर माझा राग नाही. विभागात पाच टेबले आहेत, दोनच भरलेली, आणि त्यातल्या एक ताई कंत्राटी आहेत. म्हणजे आम्ही दोघीही तात्पुरत्याच, मधे फक्त काच. त्यांनी मला एकदा स्वतःचा चहा दिला होता. माणसे भरत नाही आणि मुदतीही पाळत नाही, हा प्रश्न त्यांना विचारायचा नाही, आपल्याला विचारायचा आहे.

चौथी गोष्ट थोडक्यात. माझे गाईड या काळात साठीला निवृत्त झाले. प्रबंध आधीच जमा होता म्हणून मी वाचले. पण माझ्याबरोबरच्या दोघांना ‘नवीन गाईड आणा’ असे एका ओळीचे पत्र मिळाले. गाईड काय बाजारात मिळतो? प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा, सहायक प्राध्यापकाकडे चार, अशी विद्यार्थ्यांची मर्यादा आहे, आणि आमच्या विषयात बहुतेकांच्या जागा भरलेल्या. निवृत्त मार्गदर्शकाला सत्तरीपर्यंत सहमार्गदर्शक राहता येते, असे २०२२ च्या विनियमांत स्पष्ट आहे. ते त्या पत्रात का लिहिले नव्हते?

या चौदा महिन्यांची किंमतही सांगून ठेवते. माझ्याकडे सेट आहे, त्यामुळे सहायक प्राध्यापक व्हायला मी पात्र आहेच. जुलै २०२३ पासून तर नेट-सेट हीच किमान पात्रता धरतात. पण मुलाखतीला कुणाला बोलवायचे हे ज्या गुणांवर ठरते, त्यांत पीएच.डी.ला वेगळे गुण आहेत, आणि ‘प्रबंध सादर’ला शून्य. यंदा आमच्याच जिल्ह्यात मराठीची एक पूर्णवेळ जागा निघाली. कितीतरी वर्षांनी. माझे नाव यादीत लागले नाही. आता ती जागा पुढची पंचवीस-तीस वर्षे भरलेली राहील. ज्यांना सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांची अधिछात्रवृत्ती आहे त्यांची अडचण वेगळी. त्यांचा मासिक पैसा ठरलेल्या मुदतीला थांबतो, विद्यापीठाची फाईल मात्र त्या मुदतीला ओळखत नाही.

म्हणून मागण्या. कुठलीही नवी सवलत मागत नाही.

१. केअर यादीचा पुरावा मागणारी सर्व पत्रे मागे घ्यावीत. ज्याला जो विनियम लागू, त्यात जेवढे लिहिले आहे तेवढेच मागावे. निबंधाच्या दर्जाविषयी शंका असेल तर विषयाच्या दोन जाणकारांना तो वाचायला द्यावा.

२. सारखेपणाचा अहवाल आकड्यावर निकालात काढू नये. दहा टक्क्यांच्या वर गेलेला प्रत्येक अहवाल विषयतज्ज्ञाने पानोपान पाहावा. लोकगीते, हस्तलिखिते, शिलालेख, ताम्रपट, न्यायनिवाडे, मुलाखती असा मूळ सामग्रीचा भाग असलेल्या प्रबंधांत तो भाग वगळूनच तपासणी व्हावी. वगळण्याच्या सोयी कोणत्या चालू आहेत आणि शब्दसंख्या किती ठेवली आहे, हे अहवालाच्या पहिल्या पानावर छापावे.

३. प्रबंध कुठे आहे, हे विद्यार्थ्याला घरबसल्या दिसावे. परीक्षकांची नावे अर्थातच नकोत. पत्र गेले, होकार आला, नकार आला, अहवाल आला, एवढ्या चार तारखा पुरेत. कुरियरचे पाकीट कुठे पोचले ते आम्हाला फोनवर दिसते.

४. सहा महिने उलटले तर त्याचे लेखी कारण विद्यार्थ्याला आणि विद्या परिषदेला द्यावे. प्रत्येक बैठकीत अशा प्रबंधांची संख्या पटलावर यावी. ज्या काळात काम विद्यापीठाकडे पडून होते, त्या काळाचे शुल्क घेऊ नये. घेतलेले परत करावे.

५. ते छापील प्रतिज्ञापत्र रद्द करावे. उशिराचे कारण विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत लिहावे.

६. परीक्षकांचे मानधन अहवाल मिळाल्यापासून एका महिन्यात द्यावे.

सातवी मागणी माझ्या एकटीची आहे. माझ्या प्रबंधाच्या परिशिष्टातली चित्रे काढून तिथे मूळ टंकलेला मजकूर घालू द्यावा, आणि तोच शोधगंगेवर जावा. व्हायवाच्या आधी, नंतर, केव्हाही. त्यासाठी सारखेपणा पुन्हा ३४ टक्के दिसला तर दिसू द्या. त्या अहवालावर बसून कुणाशीही, ओवीओवीवर, बोलायची माझी तयारी आहे.

सात दिवसांतले चार गेले. यादीच्या जुन्या पानाची प्रिंट, त्रैमासिकाचा अंक आणि आयोगाच्या फेब्रुवारीच्या सूचनेची प्रत घेऊन मी शुक्रवारी सकाळी येते आहे. आवक शिक्का मारून दुसरी प्रत परत द्यावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक संशोधक विद्यार्थिनी, मराठी विभाग

ता. क. – रिकामे जाते फिरवणाऱ्या आजींनी गेल्या महिन्यात फोन केला होता. आणखी दोन ओव्या आठवल्यात म्हणाल्या, येऊन लिहून घे. आरआरसीने मंजूर केलेल्या आराखड्यात त्या बसत नाहीत, प्रबंधातही आता घालता येणार नाहीत. तरी रविवारी जाते आहे.